मेलेल्या ड्रायव्हरला वर्ल्ड चॅम्पियन करणारी कार कॉलिन चॅपमननं बनवली होती

बाकीचे इंजिनाच्या ताकदीमागं लागायचे, इंग्लंडचा कॉलिन चॅपमन मात्र गाडीचं वजन उतरवायच्या मागं असायचा. जन्म १९२८ चा. लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकताना त्यानं जुन्या ऑस्टिन सेव्हनची रेसिंग कार केली, तीच पहिली लोटस.

१९७० ला डिझायनर मॉरिस फिलिपसोबत त्यानं लोटस ७२ आणली. पुढचा रेडिएटर दोन्ही बाजूंना नेला, त्यामुळं कारचं तोंड पाचरीसारखं निमुळतं झालं. पुढचे ब्रेक चाकांतून काढून आत बसवले. चाकं हलकी झाली, पण आता ब्रेक लागणं एका शाफ्टवर अवलंबून होतं.

योखेन रिंटनं या कारनं सलग ४ रेस मारल्या. खरं तर लोटसच्या गाड्या मोडतात, ही तक्रार त्यानं चॅपमनला आदल्याच वर्षी पत्रातून कळवली होती.

५ सप्टेंबरला इटलीत मोंझाच्या ट्रॅकवर प्रॅक्टिस करताना तोच शाफ्ट तुटला. कार बॅरिअरवर आदळली, रिंट गेला. महिन्याभरानं टीममेट इमर्सन फिटिपाल्डीनं अमेरिकेतली रेस जिंकली आणि रिंटचे पॉइंट्स गाठायची इतरांची संधी संपली. मृत्यूनंतर एफ वन चॅम्पियन झालेला तो एकमेव ड्रायव्हर.

चॅपमननं ही कार सोडली नाही. १९७५ पर्यंत ती पळाली, २० ग्रांप्री आणि ३ कन्स्ट्रक्टर्स टायटल्स जिंकली. १९८२ ला चॅपमन हार्ट अटॅकनं गेला, वय अवघं ५४. एफ वन कारचे रेडिएटर आजही बाजूलाच असतात.