हलणाऱ्या खुंट्याचे कोडे : डॉ. एडवर्ड अँगल यांचे जीवनकार्य

वेडेवाकडे दात तारेच्या साहाय्याने सरळ करण्याचा उपचार आज तालुक्याच्या गावीही मिळू लागला आहे. या उपचाराला दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभे करण्याचे मोठे श्रेय अमेरिकी दंतवैद्य डॉ. एडवर्ड हार्टली अँगल यांच्याकडे जाते. दात ओढण्यासाठी भक्कम आधार कोठून आणायचा, हा प्रश्न त्यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी होता. त्याचे सर्वात समाधानकारक उत्तर मात्र त्यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी, जबड्याच्या हाडात बसविलेल्या एका इवल्याशा स्क्रूच्या रूपाने मिळाले.

यंत्रांची आवड

अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील हेरिक येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. अभ्यासापेक्षा अवजारे हाताळण्यात त्यांना अधिक रस होता. १८७८ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथून दंतवैद्यकाची पदवी घेतली. पुढे प्रकृतीच्या कारणास्तव ते पश्चिमेकडील मोंटाना प्रांतात गेले आणि मेंढीपालन करू लागले. तेथील कडाक्याच्या हिवाळ्याने हा व्यवसाय बुडविला. त्यानंतर मिनियापोलिस येथे त्यांनी पुन्हा दंतवैद्यकाला सुरुवात केली आणि मिनेसोटा विद्यापीठात अध्यापनही केले.

दंतवैद्यकाच्या अभ्यासक्रमात त्या काळी दात सरळ करण्याच्या विषयाला फारसे स्थान नव्हते. प्रत्येक दंतवैद्य आपापल्या कल्पनेनुसार पट्ट्या व तारा घडवीत असे. १८८७ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत अँगल यांनी आपली पद्धत मांडली. तिच्यावर कडक टीका झाली, परंतु ते मागे हटले नाहीत. १८९९ मध्ये त्यांनी वरच्या पहिल्या कायम दाढेला प्रमाण मानून दातांच्या व्यंगांचे तीन वर्ग पाडले. जगभरातील दंत महाविद्यालयांत विद्यार्थी आजही हेच वर्गीकरण शिकतात.

१९०० मध्ये त्यांनी सेंट लुईस येथे केवळ या विषयाचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. पुढील वर्षी स्थापन झालेल्या अमेरिकी संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नी ॲना हॉपकिन्स याही दंतवैद्यकाच्या पदवीधर होत्या आणि पतीच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता.

आधाराचा प्रश्न

दात हाडात पक्का रुतलेला असला तरी सौम्य आणि सतत दाब दिल्यास तो सरकतो. दाबाच्या बाजूचे हाड झिजते आणि मागील बाजूस नवे हाड तयार होते. अडचण वेगळीच आहे. पुढचे दात मागे ओढायचे तर तार कशाला तरी बांधावी लागते आणि मुखात त्यासाठी दाढच सापडते. परंतु दाढ हाही एक दातच आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जितका जोर पुढच्या दातांवर पडतो, तितकाच उलट दिशेने दाढेवर पडतो. परिणामी पुढचे दात मागे जाताना दाढही पुढे सरकते. ज्या खुंट्याला बैल बांधला, तोच उखडून बैलामागे जावा, तसा हा प्रकार होय.

अँगल यांनी आपल्या ग्रंथांत आधाराच्या प्रकारांची तपशीलवार चर्चा केली. अनेक दात एकत्र बांधणे, वरच्या व खालच्या जबड्यांमध्ये रबर ताणणे, डोक्यावरील पट्ट्यांचा आधार घेणे असे मार्ग त्यांनी अवलंबिले. यांपैकी डोक्याचा आधार दातांवर अवलंबून नव्हता. परंतु रुग्णाने पट्टा काढून ठेवला की उपचार थांबत असे.

अचूकतेचा ध्यास

उपकरणाचे सुटे भाग दंतवैद्याने घरी घडविण्याऐवजी कारखान्यात एकसारखे तयार व्हावेत, असा अँगल यांचा आग्रह होता. त्यांनी अनेक उपकरणांची पेटंटे घेतली. वयाची सत्तरी गाठल्यावर, १९२५ च्या सुमारास, त्यांनी 'एजवाइज' ब्रॅकेट सिद्ध केले. त्यातील खाच ०.०२२ इंच उंच आणि ०.०२८ इंच खोल, म्हणजे एक मिलिमीटरहूनही लहान होती. या चौकोनी खाचेत चौकोनी तार बसली की दाताच्या मुळाची दिशाही बदलता येई. आजची बहुतेक ब्रॅकेट याच रचनेतून विकसित झाली आहेत.

दात काढावेत की नाही

निसर्गाने दिलेला एकही दात काढू नये, सर्व दात राखूनच चेहऱ्याचे सौंदर्य साधते, असे अँगल यांचे ठाम मत होते. शिकागोचे डॉ. कॅल्व्हिन केस यांनी १९११ मध्ये या मताला उघड आव्हान दिले. काही रुग्णांत जबडा लहान पडतो, अशा वेळी दात काढणेच हिताचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वाद कटु झाला. अमेरिकेत पुढील काही दशके अँगल यांच्या मताचाच प्रभाव राहिला.

११ ऑगस्ट १९३० रोजी कॅलिफोर्नियात अँगल यांचे निधन झाले. त्यांचे निष्ठावंत शिष्य डॉ. चार्ल्स ट्वीड यांना मात्र आपल्या अनेक रुग्णांचे दात पुढे झुकलेले किंवा पुन्हा वाकडे झालेले आढळले. त्यांनी अशा रुग्णांच्या उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये शंभर रुग्णांची नोंद सहकाऱ्यांसमोर ठेवली. गुरूचे तंत्र त्यांनी राखले, मत मात्र सोडले.

उपदाढा काढण्याची पद्धत रूढ झाल्यावर आधाराचा प्रश्न अधिकच गंभीर झाला. मोकळी झालेली जागा दाढेने व्यापली, तर रुग्णाने निरोगी दात गमावूनही पुढचे दात पुरेसे मागे जात नाहीत.

हाडातील खुंटा

१९४५ मध्ये गेन्सफोर्थ आणि हिग्ली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात धातूचे स्क्रू बसवून पाहिले, पण ते महिन्याभरातच निखळले. १९५२ पासून स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रानेमार्क यांच्या प्रयोगांतून टायटेनियम हाडाशी एकजीव होते, हे स्पष्ट झाले. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एकलंड यांनी नाकाखालील हाडात स्क्रू बसवून एका रुग्णाचे वरचे दात हलविले. १९९७ मध्ये जपानच्या डॉ. कानोमी यांनी केवळ १.२ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूचा वापर प्रसिद्ध केला आणि ही पद्धत वेगाने पसरली.

हा स्क्रू बहुधा टायटेनियमच्या मिश्रधातूचा असतो. केवळ ती जागा बधिर करून तो दोन दातांच्या मुळांमधील हाडात बसवितात आणि काम संपल्यावर काढून टाकतात. इतक्या बारीक आट्या कापण्यासाठी लागणारी अचूकता बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील किंवा पुण्याजवळील भोसरीतील लेथवर काम करणाऱ्या कुशल कारागिराला सहज उमगेल.

हा उपाय निर्दोष नाही. साधारणतः दहांपैकी एक-दोन स्क्रू सैल होतात. मुळाला इजा होऊ नये याची दक्षता घ्यावी लागते आणि लहान मुलांच्या कोवळ्या हाडात तो नीट टिकत नाही.

तरीही या स्क्रूने जुन्या वादातील दोन्ही पक्षांना बळ दिले. दात काढावेच लागले, तर मोकळी झालेली जागा आता वाया जात नाही. काही रुग्णांत संपूर्ण दंतपंक्तीच मागे सरकविणे शक्य झाल्याने निरोगी दात वाचविताही येतात. सर्वच दात राखण्याचा अँगल यांचा नियम टिकला नाही. मात्र भक्कम आधार मिळाल्यास अधिक दात राखता येतात, हे त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी दाखवून दिले.