जिगोरो कानो : मार खाल्लेल्या मुलाने घडवलेला ज्युदो

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० साली जपानमधील मिकागे गावी झाला. लहानपणीच आई गेली. वडिलांनी शिक्षणासाठी टोकियोला नेले. अभ्यासात हुशार, पण अंगाने किरकोळ असलेल्या या मुलाला वसतिगृहातील दांडगी पोरे मारायची. जुजुत्सू शिकायचे त्याने तेव्हाच ठरवले; घरच्यांचा मात्र विरोध होता. अखेर १८७७ मध्ये, विद्यापीठात असताना, फुकुदा हाचिनोसुके हे गुरू मिळाले.

जोराला जोराने भिडले तर धिप्पाड माणूसच जिंकतो, हे कानोंनी ओळखले. पण तो ढकलत असताना आपण किंचित मागे सरलो, तर त्याचाच तोल जातो. त्या क्षणी थोड्या ताकदीतही तो पडतो.

१८८२ मध्ये टोकियोच्या एइशोजी या बौद्ध विहारात, बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान सुरू केले. पहिल्या वर्षी विद्यार्थी अवघे नऊ. सरावातून घातक डाव वगळले. इथे सूड शिकवायचा नव्हता. शक्तीचा योग्य वापर आणि स्वतःसह इतरांचेही भले, हे तत्त्व होते. पुढे स्त्रियांनाही तिथे प्रवेश मिळाला. १९०९ मध्ये कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. १९३८ मध्ये जहाजावर परतीच्या प्रवासात त्यांचे निधन झाले.

आजही आडनाव विचारून हॉस्टेलवर आपल्या मुलांना छळले जाते. त्यांना आपण 'सहन कर' म्हणतो, नाहीतर 'तूही मार'. ज्युदो आधी पडायला शिकवतो, मग तोल सांभाळायला. संध्याकाळी आपल्या विहारातही चटया अंथरता येतील.