नाथांच्या घरचा रुसवा

राणीसावरगावची आम्ही मंडळी गोदास्नानाला गंगाखेडला गेलो की बोलणे हटकून पैठणाकडे वळते. गंगा तीच ना! नाथांच्या पैठणावरूनच ती जनाबाईच्या गावी येते.

नाथमहाराजांची शांती पोरासोरांना ठाऊक आहे, पण घरचे दुःख फार कोणी बोलत नाही. भानुदासांच्या कुळातले हे पोर. आईबाप तान्हेपणीच गेले. आजोबा चक्रपाणींनी वाढविले. देवगिरीला जनार्दनस्वामींची सेवा घडली, आणि गुरूच्या आज्ञेनेच गिरिजाबाईंशी लग्न झाले. मुलगा हरिपंडित, मुली गोदा नि गंगा.

मग गावात बोभाटा सुरू झाला. श्राद्धाचे अन्न नाथांनी दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अंत्यजांना वाढले. गिरिजाबाईंनी पुन्हा चूल पेटवून दुसरा स्वयंपाक केला, तरी ब्राह्मण जेवायला येईनात. राण्या महाराच्या घरी नाथ जेवले म्हणून तर पैठणात कुजबुजच कुजबुज. पाळतीवरच्या लोकांना नाथ त्याच्याही घरी दिसले नि स्वतःच्याही, असे भक्तचरित्रांत आहे.

गावाचे बोलणे नाथांनी सोसले. पण पोटचा पोर? हरिपंडित संस्कृतात गाढा विद्वान. बापाने मराठीत पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, याची त्याला लाज वाटे. रुसून तो काशीला निघून गेला. ज्या काशीत नाथांनी 1573 साली आपले मराठी भागवत पुरे केले, तीच ही काशी! नाथ स्वतः त्याला आणायला गेले. त्याने दोन अटी घातल्या : परान्न घ्यायचे नाही, पुराण संस्कृतातच सांगायचे. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. सबंध पैठणापुढे न वाकलेला माणूस लेकापुढे वाकला. कोणी याला दुबळेपणा म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. लेक घरी नसता गिरिजाबाईंच्या घशाखाली घास तरी कसा उतरला असता?

वाड्यातली श्रोत्यांची गर्दी मात्र ओसरली.

पुढे एका गरीब म्हातारीने नाथांना जेवायला बोलावले. सहस्रभोजनाचा तिचा नवस होता, पण जवळ दाणा नाही. अट मोडू नये म्हणून स्वयंपाक हरिपंडितानेच केला. जेवण झाल्यावर तो नाथांची उष्टी पत्रावळ उचलू लागला, तो खाली दुसरी. ती उचलली, तर तिसरी. अशा हजार निघाल्या म्हणतात. हरिपंडिताने बापाचे पाय धरले. पुराण पुन्हा मराठीत सुरू झाले.

1599 च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथ गेले. गोदेच्या मुलाने, मुक्तेश्वराने, पुढे महाभारताची पर्वे रचली, ती मराठीतच.