सुरतेचा शिंपी-कवी

कवीने व्यवहारात पडू नये, असे म्हणतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आणि फावल्या वेळात गाणी लिहिणारा. मला ते पटत नाही, याचे कारण गनी दहीवाला.

१७ ऑगस्ट १९०८ रोजी त्यांचा सुरतेत जन्म झाला. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. पुढे हाती कात्री आली आणि सुरतेतच त्यांनी शिवणकामाचे दुकान थाटले. पदवी नाही, मुंबई दूर. तरीही मुशायऱ्यांतून त्यांची गुजराती गझल लोकांच्या कानी पडू लागली. ‘गातां झरणां’ हा पहिला संग्रह १९५३ साली निघाला, तेव्हा वय पंचेचाळीस! पुढे पुरुषोत्तम उपाध्याय यांनी त्यांच्या गझलेला चाल लावली, ती महंमद रफींनी गायिली आणि शिंप्याचे शब्द गुजरातेत घरोघरी पोचले. ५ मार्च १९८७ रोजी ते निवर्तले.

दुकानाने पोट सांभाळले, म्हणून शब्दांना घाई करावी लागली नाही, असे मला वाटते. पदवीनंतर बँकेत लाग, असे घरचे म्हणतात. मी लागेन, पण गाण्यांची वही माळ्यावर टाकणार नाही.