अंबाजोगाईचे मास्तर : स्वामी रामानंद तीर्थ

स्वामी रामानंद तीर्थ हे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी म्हणून सर्वांस माहीत आहेत. पण मला त्यांची आठवण करून द्यावीशी वाटते ती आपल्या जिल्ह्यातील एक मास्तर म्हणून.

त्यांचे मूळचे नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. १९२० साली लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या सोळा वर्षांच्या मुलाने जन्मभर ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याची शपथ घेतली आणि ती पाळली. पुढे ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी कामगारांत काम केले. आजाराने शरीर खचले तेव्हा ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवू लागले. पुढे त्यांनी संन्यास घेतला; पण डोंगरात न जाता ते वर्गातच राहिले. १९३५ साली ते मोमिनाबादेस, म्हणजे आपल्या अंबाजोगाईस, योगेश्वरी शाळेत आले.

तेव्हा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी बोलणाऱ्या मुलांना सरकारी शाळेत वरचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. सभा भरवायची तरी सरकारची परवानगी लागे. अशा दिवसांत मुलांना मातृभाषेतून शिकवणे हेच मोठे धाडस होते.

१९३८ साली मात्र त्यांनी शाळा सोडली आणि ते चळवळीत पडले. घरदार नसलेल्या माणसाचे सारे मन शाळेतच गुंतलेले असणार. म्हणून हा दुसरा संन्यास पहिल्याहून कठीण गेला असेल असे मला वाटते. त्याच वर्षी सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या या अध्यक्षांना पुन्हा पकडले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, तेव्हा कुठे त्यांचा तुरुंगवास कायमचा संपला.

पुढे १९५२ व १९५७ साली ते लोकसभेवर निवडून गेले, पण मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. २२ जानेवारी १९७२ रोजी ते निवर्तले.

आज कोणी फार आजारी पडले की त्याला स्वारातीत नेले असे आपण म्हणतो. अंबाजोगाईच्या त्या दवाखान्याच्या तीन अक्षरांत स्वामी रामानंद तीर्थ हे नाव दडले आहे. मुलांना ती अक्षरे उलगडून सांगणे हे आपणा आयांचे काम आहे.