फाशांचा हिशेब मांडणारा वैद्य : जिरोलामो कार्डानो

शाळेत संभाव्यतेचा पाठ निघाला की पहिल्याच उदाहरणात फासा हजर होतो. दोन फासे टाकले असता बेरीज दहा येण्याची संभाव्यता किती, निदान एका फाशावर एक पडण्याची किती, असले प्रश्न आपण सर्वांनीच सोडवले आणि कलाशाखेत प्रवेश घेतल्यावर विसरूनही गेलो. परंतु जुगाऱ्याच्या मुठीतला हा फासा शाळेच्या पुस्तकात जाऊन बसला कसा, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्याचा माग काढीत गेले की आपण सोळाव्या शतकातील इटलीत पोहोचतो, आणि तेथे जो माणूस भेटतो तो धंद्याने वैद्य, व्यसनाने जुगारी, श्रद्धेने ज्योतिषी आणि बुद्धीने अव्वल दर्जाचा गणिती. त्याचे नाव जिरोलामो कार्डानो.

24 सप्टेंबर 1501 रोजी पाविआ गावी त्याचा जन्म झाला. त्याचे वडील फाझिओ हे मिलानमधील वकील. गणितावर त्यांचे इतके प्रेम की लिओनार्दो दा व्हिंचीच्या टिपणवह्यांतही त्यांचे नाव सापडते. आई किआरा ही पदरी तीन मुले असलेली विधवा. फाझिओशी तिचे लग्न झालेले नव्हते, आणि हे मूल जन्माला येऊ नये म्हणून तिने औषधेही घेतली होती. कार्डानोने उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात ही गोष्ट अगदी कोरडेपणाने नोंदवून ठेवली आहे. प्लेगच्या भीतीने आई मिलान सोडून पाविआला आली होती. मागे राहिलेली तिची तिन्ही मुले त्या साथीत गेली. नको असलेले मूल तेवढे जगले.

अनौरसपणाचा हा डाग पुढे पुष्कळ वर्षे त्याची पाठ सोडीत नव्हता. पाविआ आणि पादुआ येथे शिकून 1526 मध्ये तो वैद्यकाचा पदवीधर झाला. पण मिलानच्या वैद्यमंडळाने त्याला सभासद करून घेतले नाही. कारण दिले ते जन्माचे. बहुधा त्याची तिखट जीभही या नकाराला कारण झाली असावी. मग पादुआजवळच्या साक्को नावाच्या खेड्यात त्याने दवाखाना थाटला, 1531 मध्ये लुचिआ नावाच्या मुलीशी लग्न केले आणि पोट भरेना म्हणून फाशांकडे वळला.

वळला असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही, कारण फासे आणि पत्ते त्याच्या हाती विद्यार्थिदशेपासूनच होते. पादुआच्या दिवसांतली एक हकीकत त्याने स्वतःच सांगितली आहे. व्हेनिसमध्ये एका सरदाराच्या घरी तो पत्ते खेळायला बसला आणि पैसे हरला, अंगावरचे कपडेही हरला. मग पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत हे त्याच्या ध्यानात आले. तरुण रक्त! त्याने खंजीर उपसून यजमानाच्या तोंडावर वार केला, आपले पैसे उचलले आणि तेथून पळ काढला. त्याच रात्री काळोखात पाय घसरून तो पाण्यात पडला. एका होडीतील लोकांनी त्याला वर ओढून घेतले आणि पाहतो तो काय, समोर तोंडाला पट्टी बांधलेला तोच सरदार बसलेला! त्या भल्या गृहस्थाने त्याला कोरडे कपडे दिले आणि पादुआपर्यंत सोबतही केली. नाटककाराने असा प्रसंग लिहिला तर आपण त्याला योगायोगाचा अतिरेक म्हणून नावे ठेवू.

लग्नानंतरही हे व्यसन सुटले नाही. बायकोचे दागिने गेले, घरातले सामान गेले, आणि अखेर बायको व तान्हे मूल यांना घेऊन मिलानमधील गोरगरिबांच्या आश्रयगृहात राहण्याची पाळी त्याच्यावर आली. बुद्धिबळात चाळीस आणि फाशांत पंचवीस वर्षे आपण घालवली, तीही रोजच्या रोज, असा हिशेब त्याने म्हातारपणी लाजत लाजत मांडला आहे. त्या पंचवीस वर्षांतूनच ते पुस्तक निघाले. त्याचे लॅटिन नाव ‘लिबेर दे लुदो अलेए’, म्हणजे द्यूतक्रीडेचे पुस्तक. जुगार वाईट असे कबूल करूनच तो सुरुवात करतो. परंतु वैद्याला असाध्य रोगांचाही अभ्यास करावाच लागतो, तसे इतक्या लोकांना जडलेल्या या रोगाविषयीही लिहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. पुस्तकात खुणेचे पत्ते आहेत, लबाडीचे फासे आहेत, हरणाऱ्याचा संताप आहे. आणि मधेच, जणू चुकून आल्यासारखे, एका नव्या शास्त्राचे बी आहे.

ते बी म्हणजे मोजण्याची पद्धत. दोन फासे टाकले तर किती प्रकारची दाने पडू शकतात? सहज मोजणारा एकवीस म्हणतो : सहा जोड्या सारख्या आकड्यांच्या आणि पंधरा निराळ्या आकड्यांच्या. कार्डानो म्हणतो, थांबा. पहिल्यावर एक व दुसऱ्यावर दोन हे एक दान. पहिल्यावर दोन व दुसऱ्यावर एक हे दुसरे. निराळ्या आकड्यांची प्रत्येक जोडी दोन रीतींनी पडते, तेव्हा पंधराची तीस होतात, आणि सारख्यांच्या सहा मिळवल्या की छत्तीस. फासा खरा असेल तर या छत्तिसांपैकी प्रत्येकाचा हक्क सारखा. या छत्तिसांच्या पूर्ण फेऱ्याला त्याने ‘चक्र’ अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. आता बेरीज दहा हवी असेल तर ती तीन रीतींनी येते, अकरा दोन रीतींनी, बारा एकाच रीतीने. निदान एका फाशावर एक पडावा असे म्हणाल तर उत्तर बारा नसून अकरा, कारण दोन्हींवर एक असलेले दान घाईत दोनदा मोजले जाते. एक, दोन किंवा तीन यांपैकी काहीही चालेल म्हणाल तर छत्तिसांतली सत्तावीस दाने तुमची आणि नऊ प्रतिपक्षाची. म्हणून त्याच्या एका रुपयासमोर तुम्ही तीन लावावेत, म्हणजे पैज न्याय्य होईल. तीन फाशांचे चक्र दोनशे सोळांचे, आणि त्यांपैकी एक्याण्णव दानांत एक हा आकडा कोठे ना कोठे दिसतो.

आज हे नववी-दहावीचे गणित वाटते. पण हारजीत ही देवाची किंवा दैवाची मर्जी, असे मानणाऱ्या जगात कोणी तरी म्हणावे की नाही, हारजितीला भाजक आहे आणि भाज्यही आहे, ही केवढी धिटाई! आपल्याकडे वनपर्वातल्या नलाला ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने व फळे मोजून दाखवतो आणि मग अक्षविद्या देतो. गणना आणि फासे यांचे नाते त्या कथाकाराला जाणवले होते यात शंका नाही. परंतु ती विद्या मंत्रासारखी कानात सांगितली जाते, तिची रीत आपल्याला कळत नाही. कार्डानोने रीत लिहून ठेवली.

मला स्वतःला त्या पुस्तकातली एक चूक सर्वांत मोलाची वाटते. तेच दान लागोपाठ दोनदा जिंकायचे असेल तर पैजेचे प्रमाण काय, असा प्रश्न त्याने घेतला. प्रथम त्याने अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही संख्यांचे वर्ग केले. एक्याण्णवाचा वर्ग 8281, उरलेल्या एकशे पंचविसाचा 15625, म्हणून सुमारे एकास दोन. मग त्याला शंका आली. पैज बरोबरीची, एकास एक असेल तर? एकाचा वर्ग एकच! म्हणजे नाणे दोनदा उडवून दोन्ही वेळा छापा पाडणे हे एकदा पाडण्याइतकेच सोपे ठरेल, आणि हे तर उघड खोटे. तेव्हा त्याने रीत बदलली : वर्ग अनुकूल दानांचा करायचा आणि पूर्ण चक्राचा करायचा. बरोबरीची पैज तीनदा लागोपाठ जिंकण्याची संधी आठांत एक, हे मग बरोबर येते. चुकीची ओळ मात्र त्याने खोडली नाही. चूक आणि दुरुस्ती दोन्ही पुस्तकात शेजारी राहिली. दुसरी एक चूक त्याच्या लक्षातच आली नाही. सहांच्या चक्राचे निम्मे तीन, म्हणून एक फासा तीनदा टाकला तर हवा तो आकडा पडण्याची पैज बरोबरीची, असे तो म्हणतो. वास्तविक उत्तर त्याच्याच हाती होते : एक फासा तीनदा टाकणे काय आणि तीन फासे एकदा टाकणे काय, सारखेच. दोनशे सोळांत एक्याण्णव अनुकूल, एकशे पंचवीस प्रतिकूल. ही पैज घेणारा हळूहळू बुडणार.

बाकी त्याच्या कीर्तीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र पुष्कळ मिळतो. 1539 मध्ये मिलानच्या वैद्यमंडळाने अखेर त्याला प्रवेश दिला. त्याच वर्षी तार्तालिया नावाच्या गणितज्ञाकडून त्याने घन समीकरणे सोडवण्याची युक्ती गुप्ततेची शपथ घेऊन मिळवली, आणि ती तार्तालियाच्या आधी दुसऱ्यालाही सापडली होती असे कळल्यावर 1545 मध्ये ‘आर्स माग्ना’ या ग्रंथात छापून टाकली. तार्तालियाने आयुष्यभर त्याला क्षमा केली नाही. 1552 मध्ये तो थेट स्कॉटलंडला गेला. तेथील आर्चबिशप हॅमिल्टन दम्याने हैराण झाले होते. कार्डानोने त्यांच्या पिसांच्या गाद्या-उशा काढायला लावल्या, पथ्य व झोप ठरवून दिली, आणि त्यांना आराम पडला. (बिशपमहाराज पुढे 1571 मध्ये गेले ते दम्याने नव्हे, फाशीने.) परतताना लंडनमध्ये त्याने राजा सहाव्या एडवर्डची पत्रिका मांडून दीर्घायुष्य सांगितले. पंधरा वर्षांचा तो राजा दुसऱ्याच वर्षी वारला. कार्डानोने मग आपले भाकीत का चुकले याचे लांबलचक स्पष्टीकरण लिहिले, पण ज्योतिषावरचा त्याचा विश्वास ढळला नाही. फाशांना त्याने जी शंका विचारली ती ग्रहांना कधीच विचारली नाही.

आणि मग 1560 साल उजाडले. थोरला मुलगा जोव्हान्नी बात्तिस्ता बापासारखाच वैद्य झाला होता, बापाचा विशेष लाडका. त्याने ब्रांदोनिआ नावाच्या मुलीशी लग्न केले. संसार पहिल्यापासून विस्कटलेला. मुले तुझी नव्हेतच, असे तिने त्याला तोंडावर सांगितले म्हणतात. सोमल घातलेला केक तिला खाऊ घातला गेला आणि ती मेली. मुलाला अटक झाली. कार्डानोने पैसा, ओळखी, विद्वत्ता सारे पणाला लावले. तो स्वतः न्यायालयात उभा राहून मुलाची बाजू मांडीत होता. उपयोग झाला नाही. एप्रिलमध्ये मुलाचा डावा हात तोडून मग शिरच्छेद करण्यात आला. वय पुरते सव्वीसही नव्हते.

या काळाविषयी कार्डानोने लिहिलेले वाचताना अंगावर काटा येतो. मुलाला पकडले त्या सुमारास आपल्या बोटाच्या मुळाशी तलवारीच्या आकाराची तांबडी खूण उमटली, ती दिवसेंदिवस वर चढत गेली आणि शिक्षेनंतर नाहीशी झाली, असे तो सांगतो. छत्तीस दाने बिनचूक मोजणारा हाच माणूस! त्याला अंधश्रद्ध म्हणून हसणे सोपे आहे. पण मला वाटते, फाशांना सहा बाजू असतात आणि त्या मोजता येतात; मुलाच्या मरणाला किती बाजू होत्या हे त्या बापाला कोण सांगणार? जेथे चक्र पूर्ण दिसत नव्हते तेथे तो खुणा शोधत राहिला. द्यूताच्या पुस्तकातही, गणित संपते तेथे ‘नशीब’ म्हणून काही वेगळी शक्ती आहे, असे तो लिहितोच.

1562 मध्ये मिलान सोडून तो बोलोन्याला अध्यापक म्हणून गेला. सोबत मारलेल्या मुलाचा मुलगा, आजोबांच्या वडिलांचे नाव लावणारा छोटा फाझिओ होता. धाकटा मुलगा आल्दो याने बापाचे फक्त व्यसन तेवढे उचलले. त्याने घर फोडले तेव्हा कार्डानोने स्वतः तक्रार करून त्याला शहराबाहेर घालवले. 1570 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, खुद्द कार्डानोलाच तुरुंगात टाकले. त्याने येशू ख्रिस्ताची पत्रिका मांडून 1554 मध्ये छापली होती, हा आरोप त्याच्या मागे होताच. काही महिन्यांनी सुटका झाली, पण शिकवण्यास आणि पुस्तके छापण्यास मनाई झाली. तो रोमला गेला. तेथे पोपकडून निवृत्तिवेतन मिळू लागले आणि त्यावर गुजराण करीत त्याने आत्मचरित्र लिहिले. त्यात आपल्या दुखण्यांची, शत्रूंची, आवडत्या माशांची आणि पराभवांची यादी आहे. 21 सप्टेंबर 1576 रोजी तो वारला. आपल्या मृत्यूचा दिवस त्याने आधीच सांगितला होता आणि तो खरा ठरावा म्हणून अन्न सोडले, अशी वदंता आहे. ती कोणी रचली असेल तर रचणाऱ्याला हा माणूस चांगला कळला होता.

हयातीत त्याने आपली अनेक हस्तलिखिते जाळून टाकली. द्यूताचे पुस्तक त्यातून वाचले, पण छापले मात्र गेले नाही. दरम्यान 1654 मध्ये फ्रान्समध्ये पास्काल आणि फर्मा यांनी, अर्धवट थांबलेल्या डावातले पैसे कसे वाटावेत यावर पत्रे लिहिली, आणि संभाव्यतेचे शास्त्र तेथून सुरू झाले असे जगाने ठरवले. 1657 मध्ये हायगेन्सची पुस्तिकाही निघाली. कार्डानोचे समग्र लेखन लिओं शहरी 1663 मध्ये दहा मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांतल्या पहिल्या खंडात ही पाने आहेत, जेमतेम पंधरा.