सातशे रुपयांचा कारखाना आणि त्याचे नाव

गेल्या महिन्यात ओपीडी आटोपत आली असताना एक तरुण भेटायला आला. काही वर्षांपूर्वी तो आमच्या रुग्णालयाच्या औषधभांडारात शिकाऊ म्हणून होता. बी. फार्म. झालेला, हुशार मुलगा. आता दोन मित्रांच्या भागीदारीत गावाकडे खोकल्याची आणि पोटाची आयुर्वेदिक औषधे बनवायची म्हणतो. जागा भाड्याने घेतली आहे, परवान्याचा अर्ज भरायचा आहे, पण गाडी नावावर अडली होती. कागदावर पाच नावे लिहून आणली होती. तीन नावांत ‘क्युअर’ हा शब्द, एकात आईचे नाव, पाचवे ऐकून कारखाना जर्मनीत असावा असे वाटे. यातले कोणते बरे, एवढेच त्याला विचारायचे होते.

मी त्याला प्रभादेवीची आठवण करून दिली. मुंबईत त्या भागात पत्ता सांगताना ‘बेंगॉल केमिकल’ ही खूण सहज सांगितली जाते. १९३८ साली तिथे या कंपनीचा कारखाना उभा राहिला. पण बंगालचे नाव मुंबईच्या रस्त्यावर कसे आले, आणि ते कोणी ठेवले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते ठेवणारा माणूस व्यापारी नव्हता. तो रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि त्याची स्वतःची प्रकृती जन्मभर तोळामासाच राहिली.

प्रफुल्लचंद्र रे यांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजी आजच्या बांगलादेशातील खुलना भागात, राडुली या गावी झाला. शिक्षणासाठी ते कोलकात्याला आले आणि १८७४ मध्ये त्यांना आमांशाने गाठले. त्या काळी त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. शाळा सुटली. दुखणे हटले तरी अशक्त पचन आणि निद्रानाश कायमचे मागे लागले. बेताचे खाणे, ठरलेल्या वेळी काम आणि ठरलेल्या वेळी फिरणे ही शिस्त त्यांनी तेव्हापासून पाळली. या शिस्तीवर ते ८२ वर्षे जगले, हे आमच्या पोटाच्या जुनाट रुग्णांनी लक्षात ठेवावे.

१८८२ मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबराला गेले, १८८७ मध्ये डी. एस्सी. झाले आणि पुढच्या वर्षी परतले. १८८९ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांना महिना २५० रुपयांची नोकरी मिळाली. तीच पात्रता असलेल्या इंग्रज प्राध्यापकाला वरची श्रेणी आणि जास्त पगार मिळे. रे यांना हे सलत होतेच, पण त्याहून एक गोष्ट जास्त सलत होती. रसायनशास्त्र शिकून बाहेर पडलेला मुलगा कारकुनी शोधत फिरे आणि दवाखान्यातली साधी मिश्रणेसुद्धा जहाजाने विलायतेहून येत.

म्हणून त्यांनी स्वतःच काहीतरी बनवायचे ठरवले. पहिला प्रयोग लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढण्याचा. तो फसला, कारण हिशेब जुळेना. दुसरा प्रयोग हाडांचा. गुरांची हाडे जाळली की मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची राख उरते. तिच्यावर गंधकाम्लाची क्रिया करून पुढे सोडा मिसळला की सोडियम फॉस्फेट तयार होते. तेव्हाच्या शक्तिवर्धक औषधांत त्याला मागणी होती.

रे राहत असलेल्या ९१, अप्पर सर्क्युलर रोड या भाड्याच्या घराच्या गच्चीवर खाटकांकडून आणलेली हाडे वाळत पडली. त्यातच पाऊस आला. हाडांना चिकटलेले मांस कुजले, किडे पडले, कावळे जमले. शेजाऱ्यांनी पालिकेत तक्रार करण्याची धमकी दिली, तेव्हा ती हाडे माणिकतल्याच्या एका मोकळ्या जागेत हलवावी लागली. तिथे रात्री त्यांना आग लावली, तर कोणी खून करून प्रेत जाळते आहे या संशयाने पोलीस धावत आले. हाडांपासून केलेले औषध लोक घेतील का, हीही शंका होतीच. रे वर्गात हाडांच्या राखेची चिमूट तोंडात टाकत. जळून गेल्यावर उरते ते केवळ खनिज, हे विद्यार्थ्यांना पटवण्याचा हा त्यांचा मार्ग होता.

१८९२ मध्ये याच घरात त्यांनी सातशे रुपयांच्या भांडवलावर धंदा सुरू केला. कॉलेज सुटले की प्राध्यापक घरी येत आणि संध्याकाळ बाटल्या, भट्ट्या आणि हिशेबाच्या वह्यांमध्ये जाई. नाव ठेवले ‘बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स’.

या नावाकडे जरा नीट पाहा. त्यात ‘रे’ नाही. कोलकात्यातील नावाजलेल्या औषधपेढ्या तेव्हा मालकांच्या नावाने ओळखल्या जात आणि विलायतेतून पदवी आणलेल्या प्राध्यापकाचे नाव बाटलीवर शोभलेही असते. विलायती वाटेल असे खोटे नावही त्यांनी घेतले नाही, उलट माल कुठला ते पहिल्याच शब्दात सांगितले. रोग बरा करण्याचा दावा तर नावात कुठेच नाही. शेवटचा शब्द मात्र धाडसाचा. ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना, आणि जागेवर होते एक भाड्याचे घर. नाव धंद्यापेक्षा मोठे होते आणि त्या नावाला शोभेल एवढे वाढायचे काम पुढे शिल्लक होते.

पण नावाने माल खपत नाही. बाजारात तेव्हा सिरप फेरी आयोडायडीसारख्या औषधांत भेसळ सर्रास होती. रे यांनी ब्रिटिश फार्माकोपियाचे प्रमाण काटेकोर पाळले, तरी दुकानदारांना हवा होता विलायती लेबलाचा माल. इथे त्यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बोस कामी आले. त्यांनी धंद्यात पैसा आणि वेळ दोन्ही घातले आणि आपल्या डॉक्टर मित्रांना ही औषधे लिहून द्यायला लावली. डॉ. राधागोविंद कर यांच्यासारखे नामवंत पाठीशी उभे राहिले. चिठ्ठीवर नाव येऊ लागले तसे दुकानदारांना माल ठेवणे भाग पडले.

अमूल्यबाबूंच्या प्रोत्साहनाने देशी वनस्पतींची औषधेही आली. अडुळसा, ओवा, कुडा, काळमेघ. इथेही नावाचा विचार दिसतो. अडुळशाचा झाला ‘सिरप वासाका’, ओव्याच्या अर्काचा ‘अ‍ॅक्वा टायकोटिस’. वैद्याच्या बटव्यातले औषध ॲलोपॅथीच्या डॉक्टरला चिठ्ठीवर लिहिता यावे म्हणून त्याला त्याच्या भाषेतले नाव दिले, पण त्या नावातही वनस्पती तीच राहिली. काहीही लपवले नाही. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन तयार झाले. आज खोकल्याच्या औषधांत आम्ही ते नेहमी देतो.

१८९८ मध्ये कोलकात्यात प्लेग शिरला आणि अमूल्यबाबू त्याला बळी पडले. त्याच काळात सतीशचंद्र सिंह हा रे यांचा तरुण रसायनज्ञ सहकारी प्रयोगशाळेत हायड्रोसायनिक आम्लाच्या विषबाधेने गेला. दोन भक्कम खांद्यांवर उभा असलेला धंदा पुन्हा एकट्या, आजारी प्राध्यापकावर आला. तो बंद पडला असता तर कोणी दोष दिला नसता. रे यांनी तो सोडला नाही, पण आपल्या एकट्यावर अवलंबूनही ठेवला नाही. १२ एप्रिल १९०१ रोजी त्यांनी त्याची रीतसर लिमिटेड कंपनी केली. नाव कोणा एकाचे नव्हते, म्हणून ते दुसऱ्यांच्या हाती सोपवणे सोपे गेले. १९०३ मध्ये राजशेखर बसू आले. बंगाली वाचक त्यांना ‘परशुराम’ या नावाने विनोदी लेखक म्हणून ओळखतो. कंपनीचा कारभार त्यांनी पुढे अनेक वर्षे सांभाळला. १९०५ मध्ये माणिकतल्याला खराखुरा कारखाना झाला. नावातला ‘वर्क्स’ खरा ठरायला तेरा वर्षे लागली.

या माणसाच्या राहणीची साक्ष आपल्या गोखल्यांनी दिली आहे. १९०१ च्या अखेरीस कोलकात्यात काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर गांधीजी गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे महिनाभर राहिले. रे जवळजवळ शेजारीच राहत. हे गृहस्थ महिना आठशे मिळवतात, चाळीस रुपये स्वतःसाठी ठेवतात आणि उरलेले लोककार्याला देतात, अशी गोखल्यांनी त्यांची ओळख करून दिल्याचे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. रे यांनी लग्न केले नाही. अखेरची वर्षे ते कोलकात्याच्या सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत राहिले आणि तिथेच १६ जून १९४४ रोजी गेले. कंपनी १९८० मध्ये सरकारच्या मालकीची झाली.

हे ऐकून त्या तरुणाने विचारले, की मग नावात गावाचे नाव घालू का. मी म्हटले, घाल किंवा नको घालू, पण तीन ‘क्युअर’ आधी खोड. कितीतरी आजार बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि कायदा नसता तरी जे बाटलीत नाही ते लेबलावर लिहू नये. औषधाच्या दुकानात माझा रुग्ण वाचून घेतो ते नावच. त्याच्यासाठी तो शब्द म्हणजे तू दिलेली हमी असते.

त्याने तीन नावे खोडली. आईचे नाव ठेवावे का, यावर तो जरा घुटमळला. त्यावर मी काही बोललो नाही. फक्त एवढेच सांगितले, की उद्या एखादी बॅच बिघडली आणि परत मागवावी लागली, तर त्या नोटिशीवरही तेच नाव छापले जाईल. कागदाची घडी घालून तो निघाला. परवान्याच्या अर्जात नावाचा रकाना अजून रिकामाच आहे, असा परवा त्याचा निरोप आला. मला ते चांगले लक्षण वाटले.